नगरराज्य मुंबई आणि बेटावरचा मराठवाडा

डिसेंबर २०२४ नंतर परभणीच्या वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. "दादा, इथं राहून काय करायचं? मुंबईला निघून जावं का?" विचारणारी पोरं शिकलेली आहेत. १० डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशीचा बंद आणि त्यानंतरची धरपकड पाहिली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला, तेही त्यांनी पाहिले. त्यामुळे या प्रश्नाला 'पळपुटेपणा' म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही.

हा प्रश्न नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी खुद्द बाबासाहेबांनी तो मांडला होता, आणि तोही राज्यरचनेच्या भाषेत. आपल्या चळवळीत त्या मांडणीची चर्चा फार कमी होते, म्हणून हा लेख.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मुंबईचे काय करायचे, यावर देशभर वाद पेटला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांनी 'भाषावार राज्यांसंबंधी विचार' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले: मुंबईचे 'महाराष्ट्र नगरराज्य', पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. मध्य महाराष्ट्राच्या यादीत औरंगाबाद, नांदेड, बीड, उस्मानाबाद यांच्यासोबत आपल्या परभणीचे नाव आहे. या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे २३ डिसेंबर १९५५ आणि पत्ता आहे मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन, औरंगाबाद. म्हणजे मुंबईच्या नगरराज्याची मांडणी वाचकांपुढे ठेवताना बाबासाहेबांनी खाली पत्ता मराठवाड्याचा दिला. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या पुस्तकावरून बाबासाहेबांवर दोन बाजूंनी अन्याय होतो. एक गट म्हणतो, ते संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक होते. दुसरा गट मुंबई तोडण्याच्या बाजूने त्यांचे नाव वापरतो. दोघांनीही पुस्तक वाचलेले नसते. १९४८ साली दार कमिशनपुढे निवेदन देताना बाबासाहेबांनी मुंबईवरचा महाराष्ट्राचा हक्क ठामपणे मांडला होता आणि मुंबई मराठी माणसाची नाही असे म्हणणाऱ्यांचा एकेक मुद्दा खोडून काढला होता. १९५५ मध्येही मुंबई मराठी माणसापासून कुणी हिरावू शकणार नाही, असाच त्यांचा विश्वास होता. म्हणून तर त्यांनी तिला 'महाराष्ट्र नगरराज्य' असे नाव दिले. मुंबई वेगळी हवी असे शहरातले बडे भांडवलदारही म्हणत होते, त्यांची त्यासाठी स्वतंत्र कमिटी होती. पण त्यांचा हिशेब गिरण्यांचा, गोदीचा, शेअर बाजाराचा होता. बाबासाहेबांच्या हिशेबात एक रकाना असा होता, जो इतर कुणाच्याच हिशेबात नव्हता. तो म्हणजे आश्रयस्थान.

त्यांचे म्हणणे सरळ आहे. खेड्यात एका जातीचे बहुमत असते आणि अस्पृश्यांची चार घरे. त्या चार घरांवर जुलूम होतो, प्रसंगी खून पडतात. अशा माणसाला पळून जाऊन जीव वाचवायला, मान वर करून जगायला एखादी जागा हवी की नको? सगळा मुलूख एकाच बहुसंख्य जातीच्या राज्यात गेला आणि मुंबईही त्यातच गेली, तर त्याने जायचे कुठे? गांधीहत्येनंतर खेड्यांतून ज्या ब्राह्मण, मारवाडी, गुजराती कुटुंबांना पळावे लागले, त्यांचेही उदाहरण त्यांनी दिले. शहरात सुरक्षित पोहोचल्यावर ही मंडळी आपला अनुभव विसरली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊ लागली, असा टोलाही मारला.

नगरराज्याची अशी व्याख्या जगात क्वचितच कुणी केली असेल. आपण नगरराज्य म्हटले की सिंगापूर आठवतो. उंच इमारती, बंदर, स्वच्छ रस्ते, दरडोई उत्पन्न. बाबासाहेबांनी शहर मोजले ते खेड्यातून पळून आलेल्या माणसाच्या नजरेने.

ही नजर अचानक आलेली नव्हती. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती: गावकुसाबाहेरचे परावलंबी जिणे सोडून सरकारी पडीक जमिनीवर स्वतःची गावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते. स्वतंत्र वसाहती, नगरराज्य, नागसेनवन. तिन्हींच्या मुळाशी एकच शोध आहे. आपल्या माणसाला निर्भयपणे उभे राहता येईल अशी जमीन कुठली?

आता दोन्हीकडचे जगणे समोरासमोर ठेवू.

मुंबई हा मुळात सात बेटांचा समूह. भराव टाकून ती बेटे जोडली गेली, गोदी आली, रेल्वे आली आणि बेट जगाशी जोडले गेले. आमचा मराठवाडा चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, पण निजामाच्या राज्यात तो बेटासारखाच तुटलेला राहिला. चलन वेगळे, हाली सिक्क्याचे. राज्याच्या कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' खाली सरकारची परवानगी. अशा काळात ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली आणि बाबासाहेब तिथे आले. आजही दरवर्षी आपण तो दिवस साजरा करतो, कारण त्या दिवशी बेटावर बाहेरचा वारा पोहोचला.

१९५५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी या बेटाची स्थिती लिहून ठेवली आहे. निजामाने या भागाकडे अक्षम्य दुर्लक्ष केले, कालव्याचे पाणी नाही, तालुक्याच्या गावी धड हायस्कूल नाही, सरकारी नोकरीत इथला तरुण नाही. असा भाग पुणे-सातारा-नाशिककडच्या पुढारलेल्या लोकांच्या बरोबरीने एकाच राज्यात टाकला तर त्याचे काय होईल, याची त्यांना धास्ती वाटत होती.

मग मुंबई स्वर्ग होती का? मुळीच नाही, आणि हे बाबासाहेबांइतके कुणाला ठाऊक नव्हते. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. कापड गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ वाटे. पगार जास्त होता तो त्याच खात्यात. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तरीही मुंबईत तो लावून धरता येत होता, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथे छापखाना होता, हायकोर्ट होते, युनियन होती, सभेला मैदान होते आणि संध्याकाळी काम सुटल्यावर कुणाच्या पांढरीचे देणे नव्हते. गावात हाच प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या दिवशी पाणी बंद झाले असते.

पुढे नगरराज्य झाले नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले, दादासाहेब गायकवाड त्या लढ्यात आघाडीवर होते. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बेट नकाशावर तरी मुख्य भूमीला जोडले गेले. जायकवाडी झाले, डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कालव्याचे पाणी जमिनीला मिळते आणि जमीन कुणाची, हा प्रश्न पाण्याने सुटत नाही. ज्याच्या वाट्याला गायरानाचा तुकडा, तोही अतिक्रमणाच्या नोंदीवर, त्याच्या शेतावरून कालवा नुसता वाहत गेला. अनुशेष भरून काढण्यासाठी संविधानाच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपली.

बाबासाहेबांची धास्ती खरी होती याचा पुरावा २७ जुलै १९७८ नंतर मिळाला. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. परभणी, नांदेड, बीड जिल्ह्यांत घरे जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ठराव मुंबईत झाला आणि त्याची किंमत बेटावरच्या चार घरांनी मोजली. लोक गाव सोडून तालुक्याला, जिल्ह्याला, काही थेट मुंबईला गेले. 'त्यांनी जायचे कुठे' हा १९५५ चा प्रश्न शब्दशः रस्त्यावर आला होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आणि आश्रयस्थानाचे काय झाले? दुष्काळात, जातीय हल्ल्यांत, कर्जात गाव सोडलेली मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात वसली. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले. आधी विटंबना, मग आपला संताप, मग पोलीस. मुंबईत १९९७ ला जे घडले आणि परभणीत २०२४ ला जे घडले, त्यांचा क्रम एकच आहे. शहर मोठे झाल्याने क्रम बदलला नाही.

इथे सिंगापूरकडे पुन्हा एकदा पाहू. महाराष्ट्र झाला त्याच १९६० साली सिंगापूरने गृहनिर्माण मंडळ स्थापले. आज तिथले बहुसंख्य नागरिक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत प्रत्येक वंशाच्या घरांचे कमाल प्रमाण ठरलेले आहे, जेणेकरून कुणाची वेगळी वस्ती होऊ नये. मुंबईने आपल्या कामगाराला हे दिले नाही, त्याला झोपडपट्टी दिली. पण त्याच सिंगापूरच्या इमारती बांधणारा भारतीय, बांगलादेशी मजूर सामूहिक निवासात राहतो आणि त्याला बायकोमुलांना सोबत आणता येत नाही. श्रीमंत नगरराज्याला दार असते आणि दाराची किल्ली मालकाकडे असते. बाबासाहेबांचे नगरराज्य भारतीय संघराज्यातले होते. देशात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क कलम १९ ने आपल्याला दिला आहे. परभणीच्या स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसणाऱ्याला कुणी परवाना विचारत नाही. आपण हे गृहीत धरतो, पण हे दार त्याच संविधानाने उघडे ठेवले आहे ज्याच्या प्रतिकृतीची आपल्या शहरात विटंबना झाली.

म्हणून "मुंबईला जावं का?" या प्रश्नाला माझे उत्तर असे: जा, हा तुझा हक्क आहे. शिकायला जा, काम करायला जा, जीवावर बेतले असेल तर आजच जा. त्यात कमीपणा नाही. कोयता घेऊन, मुकादमाची उचल फेडत उसाच्या फडात जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण मुंबईला गेल्याने जात सुटते, हा भ्रम सोबत नेऊ नकोस.

आणि आता त्या पत्त्याकडे परत येऊ. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंद. एक शहरात, एक बेटावर. केवळ शहरच आश्रयस्थान आहे असे त्यांना वाटत असते, तर त्यांनी दुसरेही महाविद्यालय मुंबईतच काढले असते. त्यांनी माळरानावर झाडे लावली, वसतिगृहे उभी केली. गावातून आलेल्या पोराला पहिल्यांदा भीतीशिवाय झोप लागली ती तिथे. नामांतराची लढाई लढणारी पिढी त्याच वसतिगृहांतून निघाली. आश्रयस्थान सरकारच्या ठरावाने मिळते तसे ते माणसांनी बांधूनही उभे राहते, हे नागसेनवनाने दाखवले.

नगरराज्य आपल्याला मिळाले नाही, मिळणारही नाही. पण परभणीत वसतिगृह हवे, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये शेवटपर्यंत उभे राहणारे आपले वकील हवेत, गायरानाच्या सातबाराचा पाठपुरावा करणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात हवा. सोमनाथ कायदा शिकत होता. त्याची अर्धवट राहिलेली वाट पुरी करायला या जिल्ह्यातून दरवर्षी किती पोरंपोरी कायद्याला जातात, हे आपण मोजायला सुरुवात करू.

६ डिसेंबरला आपल्या वस्त्या मुंबईच्या गाडीत बसतात. चैत्यभूमीवर नतमस्तक होतात. ७ तारखेला त्याच गाडीने परत येतात. त्या परतीच्या प्रवासात, मित्रांनो, हा प्रश्न एकमेकांना विचारा: घरी पोहोचल्यावर आपल्या गावात आपण काय बांधणार आहोत?

जय भीम!