अणू, परमाणू आणि रेणू

मराठी शाळेत मूलद्रव्याच्या मूळ कणाला अणू म्हणतात आणि अणू एकमेकांशी जोडले जाऊन जो कण होतो त्याला रेणू. हिंदी पाठ्यपुस्तकात याच दोन गोष्टींची नावे परमाणु आणि अणु अशी आहेत. म्हणजे मराठीतला अणू तो हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु तो मराठीतला रेणू. बंगाली आणि तेलुगू या बाबतीत हिंदीच्या बाजूला आहेत. तमिळमध्ये मात्र मराठीप्रमाणेच अणू हा मूलद्रव्याचा कण. हा भेद आधुनिक परिभाषेच्या काळात उघड झाला, पण त्याची मुळे बरीच जुनी आहेत. रसायनशास्त्र येथे पोहोचण्यापूर्वीच संस्कृतात ‘अणु’ या शब्दाचे अनेक अर्थ रुळलेले होते.

‘अणु’ हे मुळात विशेषण: बारीक, सूक्ष्म. वैदिक वाङ्मयात ते एका बारीक दाण्याच्या धान्याचेही नाव आहे. यजुर्वेदातील चमकात तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग यांच्या मालिकेत अणूही मागितले आहेत, आणि बृहदारण्यकोपनिषदात सांगितलेल्या दहा धान्यांतही ते येतात. कठोपनिषदात मात्र आत्म्याचे वर्णन अणूहूनही लहान आणि महताहूनही मोठा असे आहे. तुकारामांच्या एका सुप्रसिद्ध अभंगात हीच कल्पना मराठीत आली. येथवर अणू म्हणजे लहानपणाची कमाल दाखवणारा शब्द, एवढेच. जग कशाचे बनले आहे, या प्रश्नाशी त्याचा अजून संबंध नव्हता.

तो संबंध वैशेषिक दर्शनाने जोडला. या दर्शनाची सूत्रे कणादाच्या नावावर आहेत, आणि पुढे प्रशस्तपादाने त्यांची व्यवस्थित मांडणी केली. पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चार द्रव्यांचे परमाणू नित्य आहेत. आकाशाला परमाणू नाहीत. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. हे त्र्यणुक म्हणजेच त्रसरेणू, झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात तरंगताना दिसणारा कण. परमाणू हा त्याचा सहावा भाग. यामागचा तर्क मोठा देखणा आहे. कवडशातला कण डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याला अवयव असलेच पाहिजेत. दिसणाऱ्या वस्तूचे ते अवयव असल्यामुळे त्यांनाही अवयव असणार. पण ही विभागणी कुठेतरी थांबली पाहिजे. थांबली नाही, तर मेरू पर्वत आणि मोहरी या दोघांचेही भाग अनंत ठरतील आणि एक मोठा, दुसरी लहान असे म्हणायला आधार उरणार नाही.

या परमाणूला रोजच्या व्यवहारातले प्रश्नही सोडवावे लागले. कच्चे काळसर मडके आव्यातून लाल होऊन निघते, तेव्हा रंग नेमका कशाचा बदलतो? वैशेषिकांचे उत्तर असे, की अग्नीमुळे मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, सुट्या परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवे मडके जुळून येते. परमाणूला पीलू असेही नाव असल्यामुळे या मताला पीलुपाक म्हणतात. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, ते पटले नाही. आव्यात ठेवलेले मडके जसेच्या तसे जागेवर दिसते, तेव्हा अखंड मडकेच भाजले जाते, असे त्यांचे म्हणणे, हा पिठरपाक.

इतर परंपरांनी शब्द तोच घेतला आणि त्यात वेगळे काही भरले. जैन मतात सगळे परमाणू एकाच जातीचे, पुद्गलाचे म्हणजे जडद्रव्याचे. स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे ते बांधले जातात आणि त्यांचे स्कंध, म्हणजे समूह, होतात. बौद्ध आचार्य वसुबंधूने परमाणूच्या कल्पनेवरच घाव घातला. एका परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू भिडले तर त्याला सहा भाग मानावे लागतात, आणि भागच नसतील तर सगळे एकाच जागी मावून त्यांचा गोळाही परमाणूएवढाच राहील. निरवयव कणाच्या कल्पनेतली ही अडचण खरी आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. वैष्णव वेदान्तात तर अणू हे जीवाचे परिमाण ठरले: ब्रह्म विभू, म्हणजे सर्वव्यापी, आणि जीव अणू.

मोजमापाच्या व्यवहारात परमाणू हे एककही होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ परमाणूंचा एक रथाच्या चाकाने उडणारा धूलिकण, आठ धूलिकणांची एक लीख, पुढे ऊ, जवाचा दाणा आणि अंगुळ अशी आठाआठाची चढण आहे. म्हणजे एका अंगुळात 32,768 परमाणू. अंगुळ सुमारे दोन सेंटिमीटर धरला तर हा परमाणू अर्ध्या मायक्रॉनहून थोडा मोठा, म्हणजे एखाद्या लहान जीवाणूएवढा येतो. आजचा अणू त्याच्या हजारो पट लहान आहे. कणादाला किंवा कौटिल्याला आधुनिक अणू ठाऊक होता, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यायला हवा. वैशेषिकांचा परमाणू तर्काने सिद्ध केलेला आहे. त्याला मोजलेले वजन नाही आणि प्रयोगाची कसोटीही नाही. त्या तर्काचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

अणू आणि परमाणू यांत फरक करणारी मांडणीही परंपरेत आहे: भागवत पुराणाच्या तिसऱ्या स्कंधात दोन परमाणूंचा एक अणू आणि तीन अणूंचा एक त्रसरेणू, अशी चढती मांडणी आहे. येथे अणू हा सर्वांत लहान कण नाही. तो परमाणूंच्या जोडीने बनलेला आहे.

युरोपात डेमोक्रिटसचा ‘न कापता येणारा’ ॲटम इ.स. पूर्व पाचव्या शतकातला. त्याला वजन मिळाले ते जॉन डाल्टनच्या 1808 मधील ग्रंथामुळे. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरावीक, हा त्याचा सिद्धान्त. पण संयुगाच्या कणालाही तो ॲटमच म्हणे आणि पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेकच अणू मानी. 1811 मध्ये ॲव्होगॅड्रोने वायूंचे कण एकाहून अधिक अणूंचे असू शकतात हे दाखवले. त्याच्याकडे जवळजवळ अर्धशतक दुर्लक्ष झाले. 1860 च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारोने त्याची बाजू मांडली आणि त्यानंतर ॲटम आणि मॉलिक्यूल हा भेद पक्का होत गेला.

भारतीय भाषांना आता एकाऐवजी दोन नावे लागणार होती. हिंदी-बंगालीतली परमाणु-अणु ही जोडी भागवतातल्या उतरंडीशी जुळते. मराठीतल्या जोडीलाही आधार आहे, कारण रेणू म्हणजे धूळ आणि त्रसरेणू हा अणूंच्या जुळणीतूनच बनणारा कण. दोन्ही निवडी परंपरेला धरून आहेत. मराठीची सोय अशी, की मूळ कणाला लहान शब्द मिळाल्यामुळे अणुअंक, अणुवस्तुमानांक, अणुऊर्जा, अण्वस्त्र असे समास आटोपशीर झाले.

दरम्यान अणूचे अविभाज्यपण गेले होते. 1897 मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, 1911 मध्ये रदरफर्डने अणुकेंद्रक मांडले आणि 1938 च्या अखेरीस हान व स्ट्रासमन यांना युरेनियमचे विखंडन आढळले. हिरोशिमानंतर हा शब्द घरोघरी पोहोचला तो बॉम्बच्या नावातून. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी 1956 मध्ये सुरू झाली, तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 मध्ये. या सगळ्या नावांतली ऊर्जा काटेकोरपणे पाहता अणुकेंद्रकाची आहे, आणि म्हणून शास्त्रीय लेखनात ‘केंद्रकीय’ हे विशेषणही वापरतात. बोलण्यात मात्र ‘अणु’च टिकला. जीवाणू, विषाणू, शुक्राणू या शब्दांत त्याचा सर्वांत जुना अर्थ, नुसता ‘सूक्ष्म’, अजून चालू आहे.