ताडीचे मडके आणि रानटी यीस्ट

ताडाची पोय कापून तिच्या टोकाला मडके बांधले की त्यात थेंब थेंब गोड रस जमू लागतो. त्यात शेकडा दहा ते पंधरा भाग साखर असते. मडके आतून चुन्याने सारवलेले असेल तर सकाळी उतरते ती नीरा. नसेल तर ताडी. चुना सूक्ष्मजीवांना रोखतो. तो नसला की हवेतले, किड्यांच्या पायांवरचे, कालच्या मडक्यात उरलेले यीस्ट आणि जीवाणू काही तासांतच कामाला लागतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, लॅक्टिक आम्लाचे जीवाणू आंबटपणा आणतात आणि दिवस उलटला की ॲसिटिक जीवाणू त्याचा शिरका करू लागतात. गोव्यात पाव फुगवायलाही माडाची माडीच वापरत.

बाहेरून काही न घालता होणारे असे किण्वन बिअरमध्ये आता दुर्मीळ झाले आहे. ब्रसेल्सजवळची ‘लाम्बिक’ बिअर मात्र अजून याच रीतीने बनते. गहू आणि मोडवलेल्या सातूचा काढा थंडीतल्या एका रात्री उथळ, उघड्या टाकीत निवत ठेवतात आणि मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरवतात. ताडीत एका दिवसात घडते त्याला इथे वर्षे लागतात. दोन पिंपांची चव सारखी नसते, म्हणून वेगवेगळ्या वयांची लाम्बिक मिसळून ‘ग्यूझ’ करतात. तिथल्या उत्पादकांनी 1997 साली संघ स्थापून दर दोन वर्षांनी खुला दौरा सुरू केला. त्यासाठी अनेक कारखान्यांची लाम्बिक एकत्र करून एक सामाईक मिश्रणही बनवतात. ती बाटली मिळवायला शौकीन दूरदेशांहून येतात.

ही चव दुर्मीळ झाली ती विज्ञानामुळे. पाश्चरने 1876 साली बिअर नासण्याचे कारण जंतूंमध्ये शोधले. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. कार्ल्सबर्गने ते इतरांनाही मोफत दिले, हे विशेष. नासाडी थांबली आणि बिअर सगळीकडे एकसारखी होऊ लागली. या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. नासलेल्या पिंपांनी कारखाने बुडत.

आपल्याकडे मात्र ताडी आटली ती महसुलापायी. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोपरीपासून डहाणूपर्यंतचा पट्टा तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होता आणि त्यात ताड मुबलक होते. ताडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. ताडीपासून घरच्या घरीही दारू गाळता येई आणि ती मद्यार्काच्या सरकारमान्य भट्ट्यांच्या आड येई. मुंबई सरकारच्या 1878 च्या अबकारी कायद्याने परवाना आणि झाडामागे कर यांचा फास आवळला. ताडी महागली. 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. म्हणजे जंगलात पडलेले फूल वेचणेही सरकारच्या नजरेखाली! पुढे 1949 चा दारूबंदी कायदा झाला. हेतू वेगळा होता, पण ताडी काढणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा मनाईच आली.

महाराष्ट्रात छोट्या प्रमाणावर बिअर गाळण्याला पुन्हा वाव मिळाला तो आताच्या शतकात. 2009 साली पुण्यात ‘डुलाली’ सुरू झाली. हे नाव आपल्या देवळालीचे! तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कावलेल्या गोऱ्या शिपायांमुळे ‘डुलाली’ म्हणजे वेडसर, असा अर्थ इंग्रजीत रुजला.

ताडीच्या वाट्याला अशी हौशी गिऱ्हाइके आली नाहीत. तिचे किण्वन थांबत नाही, म्हणून ती बाटलीत भरून दूर धाडणे अवघड. अबकारीच्या हिशेबात झाडे आणि रुपये मोजले गेले. कोणत्या गावच्या मडक्यात कोणते यीस्ट होते, हे मोजण्याचे त्या खात्याला कारणच नव्हते.