स्वभाव की घडण? : श्राविकांच्या इतिहासातील एक जुना प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे नाव न ऐकलेला मुंबईकर विरळाच. घोडपदेवपासून फार दूर नसलेल्या भायखळ्यात ‘प्रेमोद्यान’ या वास्तूत राहणारे कापसाचे विख्यात व्यापारी, जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद (१८३१-१९०६) यांच्या देणगीतून हा मनोरा उभा राहिला आणि त्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव देण्यात आले. १८७८ साली बांधकाम पूर्ण झाले. वृद्धापकाळी दृष्टी गमावलेल्या राजाबाईंना घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी व सूर्यास्तापूर्वी भोजनाचे व्रत पाळता यावे, हा हेतू त्यामागे होता, अशी आख्यायिका आजही श्रद्धेने सांगितली जाते.

या गौरवशाली इतिहासात एक विसंगतीही दडलेली आहे. एका श्राविकेचे नाव धारण करणाऱ्या त्या मनोऱ्याच्या छायेत कोणत्याही स्त्रीस पदवी घेण्याची मुभा नव्हती. मुंबई विद्यापीठाने ते दार उघडले १८८३ साली. म्हणजे पाच वर्षे नाव मातेचे आणि प्रवेश मात्र केवळ पुत्रांना, अशी स्थिती होती. उच्च शिक्षण स्त्रीच्या प्रकृतीस झेपणारे नाही, तिची बुद्धी निराळ्या घडणीची आहे, असे त्या काळी अनेक सुशिक्षितही प्रामाणिकपणे मानीत. दार उघडल्यानंतर त्याच दशकात स्त्रिया पदवीधर होऊ लागल्या. पाच-दहा वर्षांत स्त्रीचा मेंदू बदलला नव्हता, बदलला होता तो नियम.

स्त्री आणि पुरुष यांच्यात जो भेद दिसतो, त्यातील निसर्गदत्त किती आणि समाजाने घडविलेला किती, हा प्रश्न या प्रसंगातून सहजच उभा राहतो. हा प्रश्न आधुनिक काळाने किंवा पाश्चात्त्य विचाराने निर्माण केला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जैन आचार्यांनी हजार वर्षांहून अधिक काळ त्याचा अत्यंत काटेकोर ऊहापोह केलेला आहे.

शास्त्रातील सूक्ष्म विवेक

जैन कर्मसिद्धान्तात देह आणि भाव यांचे कारण एक मानलेले नाही. स्त्रीचा अथवा पुरुषाचा देह मिळतो तो नामकर्माच्या उदयाने. परंतु मनातील वासनात्मक भाव, म्हणजे ‘वेद’, हा मोहनीय कर्माचा भाग आहे. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा यांच्याच पंक्तीत स्त्रीवेद, पुरुषवेद व नपुंसकवेद हे नोकषाय म्हणून गणले जातात. देहाने एक आणि भावाने दुसरे असणे शक्य आहे, हे शास्त्रकारांनी ‘द्रव्य’ व ‘भाव’ असे दोन शब्द योजून स्पष्ट केले. विशेष म्हणजे हे तिन्ही वेद नवव्या गुणस्थानी नष्ट होतात. देह राहतो, भाव गळून पडतो. आत्म्याला स्वतःचे लिंग नाही, याविषयी दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांचे एकमत आहे.

मतभेद आहे तो स्त्रीदेहातून त्याच भवात मोक्ष शक्य आहे की नाही, यासंबंधी. श्वेतांबर परंपरेनुसार या अवसर्पिणीत प्रथम सिद्ध झाल्या त्या माता मरुदेवी, आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ह्या राजकन्या होत्या. दिगंबर परंपरेनुसार मल्लिनाथ हे पुरुषच होते. मोक्षासाठी पूर्ण अपरिग्रह, म्हणजे वस्त्रत्यागही, आवश्यक असून तो स्त्रीस शक्य नाही, तसेच त्यासाठी लागणारे उत्तम संहनन स्त्रीदेहात नसते, अशी त्या परंपरेची भूमिका आहे. आचार्य कुंदकुंदांच्या ‘सुत्तपाहुडा’त तिचा उल्लेख आढळतो, आणि पुढे प्रभाचंद्रांसारख्या तार्किकांनी तिचे विस्तृत समर्थन केले.

या वादातील एक महत्त्वाचा ग्रंथ दख्खनच्या भूमीशी निगडित आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांना अभिमानास्पद वाटावी. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेले वैयाकरण शाकटायन हे यापनीय संघाचे आचार्य होते. हा संघ आज लुप्त झाला आहे. त्याचे मुनी दिगंबर राहत, पण स्त्रीमुक्ती मान्य करीत. शाकटायनांनी ‘स्त्रीनिर्वाण-प्रकरण’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : मोक्षाचे कारण रत्नत्रय होय, स्त्रीत्व आणि रत्नत्रय यांत विरोध आहे असे म्हणावयाचे, तर तो विरोध कोणत्या प्रमाणाने सिद्ध झाला, ते दाखवावे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे होते, की स्त्री सातव्या नरकात जाण्याइतके तीव्र पाप करू शकत नाही, म्हणून सर्वोच्च गतीही तिला प्राप्य नाही. शाकटायनांनी उत्तर दिले, की निरनिराळे तिर्यंच जीव अधोगतीत वेगवेगळ्या नरकभूमींपर्यंत जातात, ऊर्ध्वगतीत मात्र एकाच सीमेपर्यंत पोहोचतात. तेव्हा खाली जाण्याची मर्यादा ही वर जाण्याची मर्यादा ठरत नाही.

या संपूर्ण वादाचा अभ्यास करून तो जगासमोर आणला पद्मनाभ जैनी (१९२३-२०२१) यांनी. दिगंबर कुटुंबात जन्मलेल्या आणि विदर्भातील कारंजा येथील गुरुकुलात बालपणी शिकलेल्या या विद्वानाने पुढे अमेरिकेतील बर्कली येथे अध्यापन केले आणि १९९१ साली स्त्रीमुक्तीविषयक मूळ ग्रंथांचा सटीक इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

कोणाचा निष्कर्ष ग्राह्य, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. परंतु दोन्ही पक्षांनी पाळलेली एक शिस्त आजही अनुकरणीय ठरते. ‘स्त्रीचा स्वभावच असा’ एवढे म्हणून कोणताही आचार्य थांबला नाही. कोणता भेद देहाचा, कोणता भावाचा आणि कोणता लोकव्यवहाराचा, हे प्रत्येकाला प्रमाणासह सांगावे लागले.

गिरणगावाची साक्ष

शास्त्रातील हा विवेक व्यवहारात कसा लागू पडतो, हे पाहण्यासाठी घोडपदेवच्या परिसराबाहेर जाण्याची गरज नाही. लालबाग, भायखळा, कॉटन ग्रीन यांच्या मधोमध वसलेली ही वस्ती कापूस आणि गिरण्या यांच्या आधारेच वाढली. येथील कष्टकरी आणि व्यापारी, दोहोंचे जीवन सुताशी बांधलेले होते.

गिरण्या येण्यापूर्वी घरोघरी सूत कातणे हे बहुतांशी स्त्रियांचे काम होते. मुंबईत १८५०च्या दशकात पहिली गिरणी निघाली आणि यंत्रावरील कताई मुख्यत्वे पुरुषांच्या हाती गेली. स्त्रियांच्या वाट्यास आली ती वाइंडिंग व रिळिंग ही खाती, म्हणजे सूत गुंडाळणे व त्याच्या लडी करणे. ‘बायकांची बोटे नाजूक, म्हणून हे काम त्यांचे’ असे कारण दिले जाई. परंतु त्याच काळात जपानमधील कापडगिरण्यांत कताईची यंत्रे बहुसंख्येने तरुण मुलीच चालवीत होत्या. यंत्र एकच, कापूसही पुष्कळदा मुंबईहूनच गेलेला. तेथे ते काम ‘स्त्रीसुलभ’ मानले गेले आणि येथे ‘पुरुषी’. विणकामाचेही तसेच. महाराष्ट्रातील साळी-कोष्टी समाजांत मागावर बसे तो पुरुष, तर आसाम-मणिपूरमध्ये माग हे स्त्रीचे भूषण. निसर्ग जर कामांची वाटणी करीत असता, तर ती देशोदेशी बदलली नसती.

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे तो सतत घटत जाऊन १९७०च्या दशकात जेमतेम काही टक्क्यांवर आला. यंत्रे वेगवान झाली, पाळ्या वाढल्या; स्त्रियांच्या रात्रपाळीवर कायद्याने बंदी होती; १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने दिलेली प्रसूतिरजेची भरपाई मालकांना बोजा वाटू लागली. प्रसूती हा निसर्गदत्त भेद खराच, आणि त्यासाठी संरक्षण हा न्यायच होता. पण त्या भेदाचा खर्च समाजाने वाटून घ्यावा की एकट्या स्त्रीने नोकरी गमावून भरावा, हे काही निसर्गाने ठरविलेले नव्हते.

याच प्रकारचे एक उदाहरण जैन घरांना अगदी परिचयाचे आहे. घरातील स्वयंपाक हा स्त्रीचा उपजत गुण समजला जातो. मात्र लग्नाची पंगत अथवा संघाचे स्वामीवात्सल्य असले, की पाचशे माणसांच्या रसोईसाठी बोलावले जातात ते ‘महाराज’, आणि तो उपजत गुण तेव्हा कोणाच्याही स्मरणात राहत नाही. बिनमोल काम स्त्रीचे आणि मोलाचे काम पुरुषाचे, अशी ही वाटणी आहे.

मगनबाईंचा आदर्श

समाजाने घडविलेले समाजास बदलताही येते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील एका जैन कन्येने दाखवून दिले. गिरगावातील हिराबागेचे निर्माते दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) यांची कन्या मगनबाई (१८७९-१९३०) तरुण वयातच विधवा झाल्या. त्या काळी विधवेचा ‘स्वभाव’ म्हणजे अंधारी खोली, मौन आणि परावलंबन असे गृहीत धरले जाई. शेठजींनी ते गृहीत नाकारले आणि मुलीस संस्कृत व धर्मशास्त्र शिकविण्याची व्यवस्था केली. मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. मुंबईत तारदेव येथे ते नावारूपास आले. ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई या त्यांच्या सहकारी होत्या. आश्रमातून शिकलेल्या विधवा व परित्यक्ता शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. काल ज्यांना ‘अबला’ म्हटले गेले, त्याच उद्या पाठशाळा चालवू लागल्या. देह तोच होता, संधी नवी होती.

एका आकड्याचा आरसा

अर्थात सर्व भेद समाजनिर्मित आहेत, असे म्हणणेही सत्यास धरून होणार नाही. गर्भधारणा, सरासरी उंची, स्नायूंची ताकद यांतील फरक देहाचे आहेत. परंतु मानसिक गुणांविषयी आधुनिक शास्त्र सावध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली अशा ४६ व्यापक आढाव्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के अत्यल्प वा नगण्य आढळले. दोन स्त्रियांमध्ये वा दोन पुरुषांमध्ये जितके अंतर असते, त्यापुढे स्त्री-पुरुषांमधील सरासरी अंतर बहुतेक बाबतींत फिके पडते.

निसर्ग कोठे संपतो आणि समाज कोठे सुरू होतो, हे मात्र एका आकड्यात फार स्पष्ट दिसते. सर्वसाधारणपणे १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. एवढा फरक निसर्गाचा. २००१ च्या जनगणनेत जैन समाजातील शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८७० मुली होत्या; देशाची सरासरी ९२७ होती. २०११ साली हे प्रमाण ८८९ पर्यंत सुधारले, तरीही ते निसर्गाच्या आकड्यापासून दूरच होते. महाराष्ट्राने १९८८ सालीच गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव वाचविण्यासाठी पाणी गाळून पिणाऱ्या समाजात या दोन आकड्यांमधले अंतर कोणत्या हातांनी निर्माण केले, हा प्रश्न कटू असला तरी टाळता येण्याजोगा नाही.

त्याच २००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे देशातील प्रमुख धर्मीय समाजांत सर्वाधिक होती. देशातील एकूण स्त्रियांची ५३.७. मात्र अर्थार्जनाच्या कामात नोंद झालेल्या जैन स्त्रिया केवळ ९.२ टक्के होत्या आणि देशात २५.६. घरकाम व दुकानातील मदत या मोजणीत सहसा येत नाही, हे मान्य करूनही अंतर मोठे राहते. शिकण्याची क्षमता सिद्ध झाली. त्या क्षमतेस वाव देणे अद्याप पुरेसे घडलेले नाही.

संघाचे अर्धे अंग

भगवान महावीरांच्या संघात १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी होत्या, आणि साध्वीसंघाच्या प्रमुख होत्या आर्या चंदना. कल्पसूत्रानुसार श्रावक १,५९,००० आणि श्राविका ३,१८,००० होत्या. दिगंबर परंपरेच्या आकड्यांतही श्रावक एक लाख तर श्राविका तीन लाख आहेत. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका या चार अंगांपैकी दोन अंगे स्त्रियांची आहेत. ही रचना तीर्थंकरांनी घालून दिली. ती कोणा आधुनिक सुधारकाची देणगी नव्हे.

आजही पर्युषणातील दीर्घ तपस्या, आयंबिलाच्या ओळी, पाठशाळेतील अध्यापन यांत श्राविका अग्रभागी असतात. जी स्त्री आठ-आठ दिवस निराहार राहण्याचे मनोबल दाखविते, तिला मनाने दुर्बल म्हणणे हे प्रत्यक्ष प्रमाणाच्याच विरुद्ध ठरते. तथापि अनेक संस्थांच्या विश्वस्तमंडळांच्या याद्या चाळल्यास स्त्रियांची नावे अद्याप तुरळकच आढळतात. त्यामागे देहाचा भेद आहे, भावाचा आहे की केवळ वहिवाटीचा, असा प्रश्न शाकटायनांच्या पद्धतीने विचारून पाहण्यास हरकत नसावी.

सुवर्ण महोत्सव हा गत पन्नास वर्षांच्या कृतज्ञ स्मरणाचा प्रसंग असतो, तसाच पुढील पन्नास वर्षांच्या संकल्पाचाही. राजाबाईंच्या नावाचा मनोरा आजही दिमाखात उभा आहे आणि त्याखालून रोज शेकडो विद्यार्थिनी ये-जा करतात. नाव देऊन मातेचा सन्मान झाला. द्वार उघडल्यावर तो पूर्ण झाला. शताब्दीची स्मरणिका निघेल, तेव्हा तिच्यात श्राविकांची नावे केवळ तपस्वींच्या यादीत न राहता कार्यकारिणीच्या यादीतही तितक्याच सहजपणे यावीत, आणि पाळण्यातील मुलींचा आकडा निसर्गाने दिला तेवढा भरावा, हीच सदिच्छा.