बाळगोळी आणि पाळणाघर

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात भोंगा होण्याआधी एक काम उरकले जाई: तान्ह्या बाळाला ‘बाळगोळी’ चाटवण्याचे. या गोळीत अफू असे. आई दिवसभर गिरणीत, आणि बाळ तोवर निपचित.

1922 साली गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीच्या सरकारी पाहणीत डॉ. बार्न्स यांनी नोंदवले की, या स्त्रियांच्या 98 टक्के अर्भकांना अफू दिली जाते.

अफूतील मॉर्फिन मेंदूचे श्वसनकेंद्र मंदावते. अर्भकाच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही. मात्रा किंचित चुकली तरी श्वास थांबू शकतो. बाळ वाचले तरी गुंगीत ते भुकेने रडत नाही, दूध ओढत नाही, आणि हळूहळू वाळत जाते. रडत नाही म्हणून तेच ‘शहाणे’ बाळ ठरे!

आईला अडाणी ठरवणे सोपे होते. परिचारिकेने हा धोका कितीही समजावला, तरी बाळ ठेवायचे कुठे, याचे उत्तर तिच्या शिक्षणात नव्हते. ते कायद्यातूनच यायला हवे होते. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1948 च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले, आणि ते बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीच्याच हाती असावे, असेही ठरवले. आईला मधल्या वेळी येऊन बाळाला पाजता यावे, यासाठी नियम करण्याची तरतूदही त्याच कलमात होती.