माडग्याळ मेंढी

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या माडग्याळ गावावरून नाव मिळालेली, मुख्यतः मांसासाठी पाळली जाणारी मेंढी.

उगम : पर्जन्यछायेतील जत परिसरात धनगर मेंढपाळांनी मेंढे निवडून तिची पैदास केली (पाहा : दख्खनी मेंढी, धनगर).

लक्षणे : पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच बांधा, लांब मान, लोंबते कान आणि बाकदार नाक. दख्खनीपेक्षा वाढ जलद; लोकर अत्यल्प.

खाद्यक्षमता व निवड : एक किलो वजनवाढीस लागणारे खाद्य म्हणजे खाद्य-रूपांतर गुणोत्तर, ते जितके कमी, तितकी क्षमता अधिक. बंदिस्त वराहपालनात प्रत्येक जनावराचे खाणे मोजून पैदाशीचे नर निवडता येतात (पाहा : वराहपालन). चरणाऱ्या मेंढ्यांच्या कळपात मात्र खाल्लेला चारा मोजणे अवघड. म्हणून कोकराचे जन्मवेळचे, तीन व सहा महिन्यांचे वजन नोंदवून निवड करतात. वजनवाढ हा खाद्यक्षमतेचा अप्रत्यक्ष निकष होय. मात्र तो अचूक नाही, कारण जलद वाढणारे जनावर अनेकदा खातेही जास्त. बाजारात मेंढ्याची किंमत नाकाच्या बाकावरही ठरते. पण केवळ त्यावरून केलेली निवड वाढीचा गुण साधत नाही.

महत्त्व : अवर्षणप्रवण भागात तुटपुंज्या चाऱ्यावर मांसोत्पादन वाढवण्यासाठी ही मेंढी मोलाची आहे (पाहा : निवड पैदास).