धूमकेतूच्या वायुझोतांचा उगम : एका उपेक्षित अनुमानाचा इतिहास

१८३५ च्या ऑक्टोबरात हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या समीप येत असता कोनिग्झबर्ग येथून फ्रीड्रिख बेसेल यांनी त्याचे वेध घेतले. नाभीतून पंख्यासारखा पसरणारा एक तेजस्वी झोत सूर्याच्या रोखाने बाहेर पडतो व त्या दिशेच्या दोन्ही बाजूंस हेलकावे घेतो, असे त्यांस आढळले. यावरून १८३६ मध्ये त्यांनी असे अनुमान मांडले की, ज्या पिंडातून झोत निघतो त्यास उलट दिशेने धक्का बसलाच पाहिजे. सबब केवळ गुरुत्वाकर्षण जमेस धरून धूमकेतूची कक्षा अचूक मिळणार नाही.

हे अनुमान तत्कालीन एका वादाच्या मुळाशी जाणारे होते. सुमारे ३.३ वर्षांत सूर्यप्रदक्षिणा करणाऱ्या एका धूमकेतूचा आवर्तकाल दर फेरीस सुमारे अडीच तासांनी घटतो, असे योहान एन्के यांनी गणिताने दाखविले होते. अवकाशातील विरल माध्यमाचा प्रतिरोध हे त्याचे कारण, असे त्यांचे मत होते. बेसेल यांचा पर्याय मात्र मागे पडला. झोत कोणत्या द्रव्याचा व तो कोठून उसळतो, याचे उत्तर त्यात नव्हते. नाभी म्हणजे सुट्या कणांचा थवा, ही कल्पनाही दीर्घकाळ प्रचलित होती. आणि थव्यास एकसंध पिंडासारखा धक्का बसणे संभवत नाही.

ही उणीव १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी भरून काढली. नाभी हा बर्फ व धूळ यांचा घन पिंड असून सूर्याच्या उष्णतेने बर्फाचे थेट वायूत रूपांतर होते, असे त्यांनी प्रतिपादिले. पिंड स्वतःभोवती फिरत असल्याने कमाल उत्सर्जन माध्यान्हीनंतर होते. अक्षभ्रमण कक्षीय गतीच्याच दिशेने असेल तर धक्का पिंडास पुढे ढकलतो व आवर्तकाल वाढतो. उलट असेल तर तो घटतो. काही धूमकेतूंचा आवर्तकाल वाढत होता, आणि प्रतिरोधक माध्यमाने ही वाढ समजावता येत नव्हती. निर्णायक मुद्दा हाच होय.

प्रत्यक्ष पुरावा १४ मार्च १९८६ रोजी मिळाला. जॉट्टो हे यान हॅलेच्या नाभीपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. तेव्हा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा काळाकुट्ट घन पिंड व त्याच्या उजेडातील बाजूच्या मोजक्याच भागांतून निघणारे झोत दिसले. २०१० मध्ये हार्टली-२ वर कार्बन डाय-ऑक्साइडच्या झोतांबरोबर बर्फाचे कण उडताना आढळले, म्हणजे झोत केवळ पाण्याच्या वाफेचे नव्हेत. २०१४ ते २०१६ या काळात रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूवरील अनेक झोतांचा माग भेगाळलेल्या उभ्या कड्यांपर्यंत लावला.

या इतिहासात बेसेल यांचा विजय व एन्के यांचा पराभव एवढेच पाहणे अन्यायाचे ठरेल. एन्के यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. त्यांची गणना टिकली, आणि व्हिपल यांच्या सिद्धांतास आधारही तिचाच मिळाला. उलटपक्षी, बेसेल यांचा तर्क निर्दोष असूनही द्रव्याच्या ज्ञानावाचून शतकाहून अधिक काळ निराधार राहिला.