वेशीवरचा जागल्या आणि प्रभूचा द्वारपाल

आगमनकाळ आला की ‘जागे राहा’ हा प्रभू येशूचा आदेश आमच्या मंदिरांतून पुन्हा ऐकू येतो. सिल्लोडसारख्या शेतकरी तालुक्यात त्याचा अर्थ सांगण्यास भाष्यग्रंथ लागत नाही. मक्याला कणसे धरली की रात्री माळ्यावर राखणीस बसावे लागते आणि डोळा लागला की रानडुकरे शेतात शिरतात, हे येथील लहान मूलही जाणते. तथापि या आदेशामागे एक इतिहास आहे आणि आमच्या गावांतील जागरणामागेही एक इतिहास आहे. हे दोन्ही एकत्र वाचल्यावाचून त्याचे मर्म उमगत नाही.

जुन्या काळी यहुदी लोक रात्रीचे तीन भाग करीत. रोमन पहाऱ्याच्या पाळ्या मात्र चार असत. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट असा चौपदरी उल्लेख येतो. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच! त्याच दाखल्यात दूरदेशी निघालेला घरधनी प्रत्येक दासास त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपालास जागे राहण्यास बजावतो.

हा द्वारपाल मराठी मुलखास अनोळखी नव्हता. सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावास तटबंदी व दरवाजे आहेत. अशा गावांच्या वेशीवर वेसकर आणि रात्रीच्या गस्तीस जागल्या असे. हे काम बहुतांशी महार समाजाकडे वतन म्हणून चालत आले होते. साऱ्या गावाची झोप ज्याच्या डोळ्यांवर विसंबली होती, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १८९२ साली घोगरगाव येथे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघाने कार्य आरंभिले. येथे ख्रिस्ताकडे वळलेल्यांत महार व मांग बांधवांची संख्या मोठी होती. ज्यांचे वाडवडील दुसऱ्यांच्या धनधान्यासाठी सक्तीने जागले, त्यांना ‘जागे राहा’ या शब्दांत कसली सुवार्ता?

उत्तर शुभवर्तमानातच आहे. मार्कच्या त्या अध्यायाच्या अखेरीस प्रभू सांगतो की, ही आज्ञा केवळ शिष्यांस नव्हे, तर सर्वांस आहे. म्हणजे पहारा कोणा एका जातीचे वतन उरत नाही. संत लूकच्या १२ व्या अध्यायात तर नवलच घडते. धनी परत येऊन दास जागे असल्याचे पाहतो, तेव्हा तो स्वतः कंबर बांधतो, त्यांना पंक्तीस बसवतो आणि वाढू लागतो. वेशीबाहेर ठेवलेल्यास घरात घेऊन धन्यानेच वाढावे, ही कल्पना आमच्या पूर्वजांना किती मोठी वाटली असेल!

ख्रिस्तसभेलाही या बाबतीत डुलकी लागली होती. आरंभीचे श्रद्धावंत पास्काची संपूर्ण रात्र जागून काढीत. संत ऑगस्टीन या रात्रीस सर्व जागरणांची माता म्हणतात. पुढे मात्र हा विधी सरकत सरकत शनिवारी सकाळीच उरकला जाऊ लागला. भर उन्हात प्रकाशाचा विधी! पोप पायस बारावे यांनी १९५१ साली प्रायोगिक स्वरूपात तो रात्रीस परत आणला आणि १९५५ च्या आज्ञेने ते सर्वत्र लागू केले.

वेळ सुधारली, मन सुधारले काय? सोयरीक जुळविताना आम्ही आजही हलक्या आवाजात मूळ जात विचारतो. पास्काच्या मेणबत्त्या हाती धरून एका रांगेत उभे राहणारे आम्ही, घरी परतताच मनात पुन्हा वेस उभी करतो. हीच आमची झोप आहे. दहा कुमारींपैकी पाच जणींचे तेल ऐनवेळी संपले. आमचे कशात सांडते, हे या आगमनकाळात प्रत्येकाने तपासावे. धनी कोणत्या प्रहरी येईल ते ठाऊक नाही. पण तो आल्यावर कोणाला पंक्तीस बसविणार, हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे.